दिवेलागणीचा राखणदार



बासरच्या गोदाकाठी दिवेलागण झाली की शेतावर आणि दिव्याच्या खांबाभोवती इवलेसे काळे काहीतरी वेडेवाकडे भिरभिरू लागते. काहींना ते पाखरू वाटते, काहींना अपशकुन. खरे तर ते पिलांना अंगावर पाजणारे लहान वटवाघूळ, म्हणजे पाकोळी. शास्त्रज्ञ त्याला पिपिस्ट्रेल म्हणतात. यातल्या सर्वात लहान जातीचे वजन जेमतेम ३ ते ४ ग्रॅम भरते.

हे अंधारात शिकार कसे करते? स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूंनी १७९३ साली दाखवून दिले की दृष्टी गेलेले वटवाघूळही न धडपडता उडते. उलगडा १९३८ साली अमेरिकेत झाला. ते आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून किडा हेरते.

पाकोळी फळ खात नाही, रक्तही पीत नाही. रक्त पिणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडात आहेत. हिचे अन्न म्हणजे डास, तुडतुडे, लहान पतंग. बोंडातली अळी किंवा भाताच्या खोडातला किडा तिला सापडत नाही. पण त्यांचे पतंग रात्री उडतात. अंडी घालण्याआधीच मादी पतंग टिपली गेली, तर पुढची कितीतरी अळी टळते. थायलंडमध्ये अशीच एक जात भातावरचे तुडतुडे खाताना आढळली आहे. म्हणून फवारणी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. पण गरज नसता मारलेले औषध किड्यांवाटे पाकोळीच्याही पोटात जाते. तिला एका वेळी एक-दोनच पिले होतात. उजाडलेली वस्ती लवकर भरत नाही.

तेव्हा एवढे करावे:

१. जुन्या झाडाच्या ढोलीत धूर करू नये. पिले आत असताना वळचणीच्या फटी बुजवू नयेत.

२. पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, मुलांनाही बजावावे. चावले वा ओरखडले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे. हळद-चुना लावून घरी बसू नये.

३. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे.

४. दम्यावर वटवाघळाचे मांस वा तेल देऊ नये. त्याने दमा जात नाही. नवे दुखणे मात्र घरात येऊ शकते.

रात्रभर मजुरी न मागता राबणाऱ्या या जिवाला वळचणीचा कोपरा दिला, तर त्यात आपलाच फायदा आहे.