वाइनचा आलेख आणि आपली द्राक्षं

मंडळी, शीर्षक वाचून रेक्टर सरांनी दचकू नये. मी वाइन चाखलेली नाही आणि हा लेख चवीबद्दल नाहीच, तो आलेखाबद्दल आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत मधूनमधून इंग्रजी डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या.

जगातली निम्म्याहून जास्त वाइन युरोपात बनते. तिथलं उत्पादन वाढतंय की घटतंय? प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर फसवं आहे. फ्रान्सचंच बघा. 2017 मध्ये तिथे सुमारे 360 कोटी लिटर वाइन झाली, 2018 मध्ये सुमारे 490 कोटी. म्हणजे एका वर्षात 36 टक्के वाढ! पण 2024 मध्ये आकडा पुन्हा 360 कोटींच्या आसपास. याचं कारण हवामान. 2017 च्या एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर दहिवर गोठलं आणि पीक गेलं. पुढचं वर्ष चांगलं गेलं.

सिग्नल्सच्या लॅबमध्ये आपण याला नॉइज म्हणतो. मी शीव कोळीवाड्याची. आमच्या बाजारात सुरमई आज परवडते, उद्या हात लावू देत नाही. एका सकाळची पाटी बघून समुद्रात मासे वाढले की संपले हे कुठलीही कोळीण सांगणार नाही. त्यासाठी बरीच वर्षं बघावी लागतात. वाइनचंही तसंच. पाच पाच वर्षांची सरासरी काढली की उड्या सपाट होतात आणि खरा उतार दिसतो.

तो उतार असा: 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जगात वर्षाला सरासरी 3,300 कोटी लिटर वाइन होत होती. 2023 मध्ये 2,370 कोटी झाली आणि 2024 मध्ये सुमारे 2,260 कोटी. साठ वर्षांतला हा नीचांक. अमेरिका, चिली, ऑस्ट्रेलिया हे देश मधल्या काळात वाढले, म्हणजे घसरण मुख्यतः युरोपची.

कारणं तीन. पहिलं, पिणारेच कमी झाले. 1960 च्या सुमारास फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर वाइन खपायची, आता चाळीसच्या आसपास. कामगार दुपारच्या जेवणाबरोबर साधी वाइन घ्यायचा, ती सवय गेली. लोक कमी पितात, पण चांगली पितात. दुसरं, सरकारी धोरण. खपापेक्षा वाइन जास्त व्हायला लागली तेव्हा 1988 पासून युरोपात वेली उपटणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे दिले गेले. आधी लावायला प्रोत्साहन, मग उपटायला!

तिसरं कारण, तापमान. फ्रान्समधल्या बोन या गावी द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद 1354 पासून आहे. 1988 नंतर तिथली तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा जवळजवळ तेरा दिवस लवकर होते. वेल लवकर फुटते आणि मग उशिरा आलेल्या थंडीत सापडते.

याहून मोठी घसरणही युरोपने पाहिली आहे. फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीमुळे फ्रान्सचं उत्पादन 1875 मधल्या सुमारे 845 कोटी लिटरवरून 1889 मध्ये 234 कोटींवर आलं. उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपियन वेलीचं कलम करण्याचा. आपल्या नाशिककडच्या बागाही आज डॉगरिज या अमेरिकन खुंटावरच उभ्या आहेत. आपल्याकडे कारण कीड नाही, पाण्याचा ताण आणि खारी जमीन.

आता नाशिकचा विषय निघालाच आहे. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात वाइन बनवली, नाशिकला सुला 2000 मध्ये बाजारात आली. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सूट दिली, विंचूरला वाइन पार्क झालं. आलेख वर निघाला आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली. मग 2008 ची मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, मागणी आटली, आणि अनेकांनी त्याच वेलींवर कुऱ्हाड चालवली.

इथे गोम अशी की थॉमसनसारखी खायची द्राक्षं एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसऱ्याला विकता येतात, नाहीतर बेदाणा करता येतो. शिराझ किंवा कॅबरनेचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. वायनरीने घेतला नाही तर त्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही. वेल फळावर यायला दोन तीन वर्षं जातात आणि ती वीस पंचवीस वर्षं उभी राहते. म्हणजे शेतकरी तीन चार वर्षांचा चढ बघून पंचवीस वर्षांचा डाव लावतो.

आपल्या हॉस्टेलवर निफाड, दिंडोरीकडची मुलं मुली आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा बाबा किंवा काका नव्या लागवडीचं बोलत असतील, तर गेल्या हंगामाचा भाव ऐकून थांबू नका. मागच्या दहा वर्षांचे भाव मागा, सरासरी काढा, आणि वायनरीचा करार किती वर्षांचा आहे ते वाचा. मॅथ्सच्या पेपरला सरासरी चुकली तर केटी लागते, ती पुढच्या सेमला सुटते. बागेची केटी सुटायला पंचवीस वर्षं लागतात.