एक यंत्र, अनेक बिऱ्हाडे



संगणकावर व्याख्यान आहे म्हटले की श्रोत्यांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. हे आपल्याला कळेल काय, ही पहिली. आणि कळले तरी त्याचा आपल्याला उपयोग काय, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देतो. आपली बँकेतील खाती, दवाखान्यातील तपासण्यांचे अहवाल, मुलांचे निकाल यांतील कितीतरी मजकूर आज त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या यंत्रात राहत नाही. तो भाड्याच्या यंत्रांवर ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे अशी केंद्रे उघडली. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत उघडली. अशा केंद्रातील एकाच यंत्रावर एकमेकांना न ओळखणारे अनेक भाडेकरू नांदू शकतात. एकाच्या स्मृतीत दुसऱ्याचा हात जाऊ नये ही व्यवस्था कशी ठेवली जाते, आणि ती कोठे ढिली पडू शकते, एवढाच आजचा विषय आहे. पहिल्या शंकेचे उत्तर मात्र व्याख्यान संपल्यावर आपणच द्यावयाचे आहे.

एका यंत्रात अनेक यंत्रे बसवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचे गाव आहे. तेथील आयबीएमच्या विज्ञानकेंद्रात १९६४ साली सीपी-४० या कामास आरंभ झाला. संगणक ही त्या काळी अत्यंत महाग वस्तू होती. एक यंत्र अनेकांनी वापरावे हे उघडच होते. परंतु एकाची चूक दुसऱ्याला भोवू नये, हे साधायचे कसे? त्या मंडळींनी ठरवले की प्रत्येक वापरणाऱ्याला यंत्राचा तुकडा द्यायचा नाही, तर संपूर्ण यंत्र मिळाल्याचा भास द्यायचा. सीपी-४० वर अशी १४ आभासी यंत्रे एका वेळी चालत. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही सोय गिऱ्हाइकांना देऊ केली. पुढे १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने ती टेबलावरच्या संगणकात आणली, आणि २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम या नावाने तिला जागा मिळाली.

या व्यवहारातील दोन नावे आपल्या घरगुती शब्दांत चांगली बसतात. खरे यंत्र तो यजमान. त्यावर चालणारे आभासी यंत्र तो पाहुणा. दोघांच्या मध्ये राहून जागेची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीला हायपरव्हायझर म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू.

आता स्मृतीकडे वळू. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खोल्यांची एक लांबच लांब रांग. क्रमांक शून्यापासून सुरू होतो. विंडोज असो की लिनक्स, प्रत्येक कार्यप्रणाली अशा समजुतीने लिहिलेली असते की ही सारी रांग आपल्याच मालकीची आहे. एका यंत्रावर चार पाहुणे असतील तर चौघेही शून्यापासूनच मोजणार. मग चौघांची पहिली खोली एकच ठरून कसे चालेल?

आपल्या जुन्या वाड्यांचे उदाहरण घ्या. वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत. प्रत्येक बिऱ्हाड आपल्या खोल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असेच म्हणते. परंतु कारभाऱ्याजवळ एक वही असते. एका बिऱ्हाडाची दुसरी खोली म्हणजे वाड्यातील ३७वी, दुसऱ्याची दुसरी म्हणजे वाड्यातील ९वी, अशी तीत नोंद असते. बिऱ्हाडकरूला ती वही पाहण्याची गरज नाही, आणि पाहण्याची मुभाही नाही.

संगणकात ही वही पानांच्या हिशेबाने लिहितात. स्मृतीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडायचे आणि त्यांना पाने म्हणायचे, ही पद्धत मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस या यंत्राने १९६२ साली रूढ केली. आजच्या नेहमीच्या यंत्रांत एक पान ४०९६ बाइटांचे असते. पाहुण्याला ४ गिगाबाइट स्मृती दिली तर त्याची १०,४८,५७६ पाने झाली. ती यजमानाच्या स्मृतीत सलग असण्याचे कारण नाही. कोठेही विखुरलेली असोत, वहीतील नोंद बरोबर असली म्हणजे झाले. पाहुण्याच्या आत पुन्हा त्याची स्वतःची वही असते, कारण त्याच्याकडेही अनेक आज्ञावल्या एकाच वेळी चालतात. म्हणजे एक पत्ता दोनदा उलगडावा लागतो. २००७ व २००८ साली अनुक्रमे एएमडी आणि इंटेल यांच्या प्रोसेसरांत हे दुहेरी वाचन प्रोसेसर स्वतःच करू लागला. चार-चार पायऱ्यांच्या दोन वह्या असल्या तर एका पत्त्यासाठी स्मृतीत २४ वेळापर्यंत डोकवावे लागते. सुदैवाने नुकतीच सापडलेली उत्तरे प्रोसेसर जवळ टिपून ठेवतो, त्यामुळे हा खटाटोप दर वेळी पडत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. प्रोसेसरवर चालणाऱ्या पाहुण्याने उच्चारलेला प्रत्येक पत्ता या वहीतून जातो. वहीत नोंद नसेल तर पाहुणा जागच्या जागी थांबतो आणि कारभाऱ्याला वर्दी जाते. वाड्याच्या पुढच्या दारावर पहारा आहे, असे म्हणा.

परंतु यंत्र म्हणजे केवळ प्रोसेसर आणि स्मृती नव्हे. नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, साठवणुकीच्या चकत्या ही उपकरणेही असतात. ती पाहुण्याला द्यायची कशी? याचे तीन मार्ग आहेत. पहिला सोंगाचा. कारभारी स्वतः नेटवर्क कार्डाचे सोंग घेतो. पाहुण्याने कार्डाला हात लावला की कारभाऱ्याला हातचे काम टाकून धावावे लागते, आणि खऱ्या कार्डाने जे उत्तर दिले असते ते द्यावे लागते. हे बिनधोक आहे, पण फार संथ. दुसरा मार्ग समजुतीचा. समोरचे कार्ड खरे नाही हे पाहुण्याला ठाऊक असते, आणि दोघे ठरलेल्या जागी मजकुराचा गठ्ठा ठेवून देवघेव करतात. त्याला व्हर्टिओ म्हणतात, आणि बहुतेक कामांना तो पुरतो. तिसरा मार्ग सरळ खरे उपकरणच पाहुण्याच्या हवाली करण्याचा. ग्राफिक्स कार्डावर मोठाली गणिते करायची असतील, किंवा नेटवर्कचा वेग शेवटच्या थेंबापर्यंत हवा असेल, तर हाच मार्ग धरावा लागतो. यालाच पासथ्रू असे नाव आहे.

आता अडचण कोठे येते ती पाहा. वेगवान उपकरणे मजकूर प्रोसेसरच्या हातून पाठवीत नाहीत. नेटवर्कवरून निरोप आला की कार्ड तो स्वतः स्मृतीत नेऊन टाकते. वाड्याच्या भाषेत, हा मागच्या दाराने येणारा हमाल आहे. भाडेकरूने चिठ्ठी दिली की पोते चौथ्या खोलीत टाक. हमाल इमानी आहे. तो पोते चौथ्याच खोलीत टाकतो. परंतु भाडेकरूची चौथी निराळी आणि वाड्याची चौथी निराळी. हमालाने वही पाहिलेलीच नाही. तेव्हा पोते भलत्याच बिऱ्हाडात, कदाचित कारभाऱ्याच्या कचेरीतच जाऊन पडते. आणि भाडेकरू लबाड असेल तर? तो मुद्दामच शेजाऱ्याच्या खोलीचा क्रमांक लिहील, आणि हमालाला सांगेल की तेथले सामान उचलून आण. पुढच्या दारावर कितीही कडक पहारा असला तरी या व्यवहारात तो कामाचा नाही.

आयबीएमच्या मंडळींना ही अडचण पहिल्यापासून माहीत होती. त्यांचा कारभारी पाहुण्याची प्रत्येक चिठ्ठी उघडून वाचीत असे, तिच्यावरील पत्ते खोडून खरे पत्ते घालीत असे, आणि काम होईपर्यंत त्या पानांना हलू देत नसे. वेळ जाई, पण चूक होत नसे. व्हीएम/३७० मध्ये ही दुरुस्ती टाळण्याचीही एक सोय होती: एका पाहुण्याला अशी जागा द्यायची की त्याचे पत्ते आणि खरे पत्ते जुळावेत. ही चैन अर्थात एका वेळी एकाच पाहुण्याला करता येई.

आज यावरचा उपाय असा की मागच्या दारावर एक नाकेदार बसवला आहे. आयओएमएमयू हे त्याचे नाव. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय म्हणते. हमालाने चिठ्ठी दाखवली की हा नाकेदार प्रथम हमाल कोणत्या बिऱ्हाडाचा ते पाहतो, मग त्या बिऱ्हाडाचे पान उघडतो. नोंद असेल तर खरा पत्ता सांगतो. नसेल तर हमालाला परत फिरवतो. चिठ्ठीमागे खोडी होती की अजाणपणा होता, याचा विचार करण्याची त्याला गरजच पडत नाही.

लिनक्समध्ये उपकरण हवाली करण्याचे काम व्हीएफआयओ नावाचा विभाग करतो. तो २०१२ साली गाभ्याच्या ३.६ या आवृत्तीत आला. प्रथम यजमान त्या उपकरणावरचा आपला ताबा सोडतो. मग पाहुण्याची सारी पाने जागच्या जागी खिळून टाकली जातात आणि त्यांची नोंद नाकेदाराच्या वहीत होते. उपकरणाला हुकूम देण्याच्या कळा स्मृतीच्या पत्त्यांसारख्याच दिसतात. तेही पत्ते पाहुण्याच्या हिशेबात जोडले जातात. त्यानंतर बहुतेक कळा दाबताना कारभाऱ्याला मध्ये यावे लागत नाही. वेग येतो तो येथून.

तरीही दोन फटी उरतात, आणि त्या बुजवल्यावाचून हा वाडा निर्धास्त म्हणता येत नाही.

पहिली फट अशी. दोन हमाल एकाच बोळात राहत असतील, तर नाक्यावर न येता बोळातल्या बोळात ते सामानाची अदलाबदल करू शकतात. उपकरणांचेही असेच आहे. एकाच फाट्यावर जोडलेली दोन उपकरणे परस्पर बोलू शकली तर नाकेदाराला पत्ता लागत नाही. म्हणून अशा उपकरणांचा एक गट मानतात आणि सारा गट एकाच ताब्यात ठेवतात. पुष्कळांना वाटते की आपल्याला एकच कार्ड हवे असता संपूर्ण गट का अडवला जातो. तो आडमुठेपणा नाही. गट म्हणजेच वेगळे ठेवता येण्याजोगा सर्वांत लहान घटक.

दुसरी फट अधिक बारीक आहे. काम झाले की उपकरण प्रोसेसरला हाक मारते, आणि ही हाकही आज विशिष्ट पत्त्यावर लिहून मारली जाते. जोआन्ना रुत्कोव्स्का आणि रफाल वोयतचूक या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की नाकेदार मालाचे पत्ते तपासतो, पण हाका तपासत नाही, अशा यंत्रात पाहुणा खोट्या हाकांच्या जोरावर कारभाऱ्यावरच कुरघोडी करू शकतो. म्हणून हाका तपासण्याची सोय नसेल तर व्हीएफआयओ सहसा उपकरण देण्याचेच नाकारतो. धोका पत्करतो असे मालकाने स्पष्ट सांगितले, तरच गोष्ट निराळी.

आता या सुखाची किंमत. एरवी कारभारी मोकळा असतो. एखादे पान रिकामे पडले तर ते चकतीवर टाकून जागा दुसऱ्याला देतो. एवढेच नव्हे, तर चालता पाहुणा उचलून दुसऱ्या यंत्रावर नेतो आणि पाहुण्याला कळतही नाही. हमाल थेट येऊ लागला की हे स्वातंत्र्य जाते. तो कोणत्या क्षणी कोणत्या खोलीत शिरेल याचा नेम नाही, म्हणून एकही खोली हलवता येत नाही. ४ गिगाबाइट दिले की ते चारही अडकले, वापर होवो अथवा न होवो. आणि बिऱ्हाड दुसऱ्या वाड्यात न्यावे तर हमाल येथलाच. त्याच्या डोक्यातले अर्धवट काम बरोबर कसे नेणार? त्यासाठी उपकरणानेच आपली स्थिती सांगण्याची तयारी ठेवावी लागते, आणि तसे प्रत्येक उपकरण करीत नाही. एक कार्ड अनेकांना वाटता यावे म्हणून २००७ साली एसआर-आयओव्ही ही पद्धत ठरली. तीत एकच कार्ड अनेक छोट्या कार्डांच्या रूपाने दिसते. वाटणीचा प्रश्न तीमुळे पुष्कळ सुटला. खिळलेल्या पानांचा सुटला नाही.

अलीकडे तर भाडेकरू एक पाऊल पुढे जाऊन विचारू लागला आहे की कारभाऱ्यावर तरी आम्ही विश्वास का टाकावा? एएमडीने २०१७ साली आपल्या एपिक प्रोसेसरांत पाहुण्याची स्मृती सांकेतिक लिपीत ठेवण्याची सोय आणली. खोली उघडली तरी कारभाऱ्याला आतला मजकूर वाचता येऊ नये हा तिचा उद्देश. पण मग बिचाऱ्या हमालालाही तो वाचता येत नाही, आणि मजकूर आधी उघड्या ओसरीवर आणून ठेवावा लागतो. हमालाची ओळख पटवून त्याला आत घेण्याचे नियम आता घडत आहेत.

या साऱ्यातून आपल्यासारख्या नागरिकाने काय घ्यावे? थेट पोच आणि मोकाट पोच यांत फरक आहे. पाहुण्याच्या हाती खरे उपकरण देण्यात वावगे काही नाही. मागच्या दारावर तपासणी नसताना ते देणे हे मात्र शेजाऱ्याचे घर उघडे टाकण्यासारखे आहे. म्हणून आपली पतपेढी, आपले रुग्णालय, आपली नगरपालिका भाड्याच्या यंत्रावर जाणार असेल, तर वेगाची चौकशी झाल्यावर सभासदांनी आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत. या यंत्रात पत्ते तपासणारा नाकेदार जागा आहे काय? आणि त्याची वही कोणाच्या हाती आहे? हे विचारण्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. वाड्यात राहिलेल्या माणसाला दाराचे महत्त्व सांगावे लागत नाही.