जनरेटर चालून नाही, पडून खराब होतो



दुकान असो, नाहीतर घरून चालणारा केकचा किंवा आइस्क्रीमचा धंदा असो, पावसाळा जवळ आला की एक विचार हमखास डोक्यात येतो : "एक छोटा पोर्टेबल जनरेटर घेऊन टाकू का?" दुकानात जायचं, पैसे मोजायचे, टेम्पोत घालून आणायचा, हे सोपं आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि पुढची दहा वर्षं चालतं. आज त्याबद्दल बोलू.

आपल्याकडे जनरेटर कसा वापरला जातो बघा. पहिल्या आठवड्यात कौतुकाने दोनदा चालवतात. मग तो कोपऱ्यात जातो, त्याच्यावर रिकामे खोके चढतात. आठ महिन्यांनी लाईट जाते, दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि तो काही सुरू होत नाही. मग आपण म्हणतो, "माल खराब निघाला." बहुतेक वेळा मालाचा दोष नसतो, टाकीत उरलेल्या पेट्रोलचा असतो.

पेट्रोल शिळं होतं

पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट गाळ उरतो. हा गाळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं बारीक, ते बुजलं की इंजिन उपाशी. आता आपल्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कोकणातल्या दमट हवेत तर याची काळजी जास्तच घ्यायला हवी.

उपाय सोपा आहे. राखीव पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या बाटलीत नको. महिना झाला की ते दुचाकीत ओता आणि डब्यात ताजं भरा. म्हणजे पेट्रोल वायाही जात नाही आणि शिळंही होत नाही. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि धातूचा एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. छोट्या धंद्याला पाच-दहा लिटर पुरतं. डबा गॅस, देवघर आणि जनरेटर तिन्हींपासून लांब ठेवा.

महिन्यातून एकदा वीस मिनिटं

महिन्याचा एक दिवस ठरवून टाका. भाडं भरायचा दिवस असेल तर उत्तम, विसरायला होत नाही. त्या दिवशी एवढंच करायचं :

१. जनरेटर सपाट जागी ठेवून ऑइल बघा.
२. एअर फिल्टर उघडून बघा. दुकानात धूळ असते, गोदामात उंदीर असतात. वायर कुरतडलेली नाही ना, तेही बघा.
३. जनरेटर बाहेर मोकळ्या जागी नेऊन सुरू करा. दोन मिनिटांनी लोड द्या आणि पंधरा-वीस मिनिटं चालवा. बिनलोडचा नुसता फटफट आवाज ऐकून समाधान मानू नका.
४. लोड काढा, फ्युएल कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्या. गाळ धरायला पेट्रोलच उरत नाही.
५. पूर्ण थंड झाल्यावरच कव्हर घाला. गरम मशीनवर प्लास्टिक टाकलं की आत घाम धरतो आणि गंज येतो.

तीन-चार महिने अजिबात लागणारच नसेल तर टाकीही रिकामी करा. बटण स्टार्टवाला असेल तर बॅटरी अधूनमधून चार्ज करत राहा.

ऑइलचा हिशोब तासांत करा

गाडीचं ऑइल आपण किलोमीटरवर बदलतो. जनरेटरला किलोमीटर नाहीत, त्याचे तास मोजायचे. बहुतेक छोट्या चार-स्ट्रोक इंजिनांना पहिलं ऑइल २० तासांनी किंवा महिनाभराने बदलायचं असतं, आणि त्यानंतर दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. तुमच्या मशीनच्या पुस्तकात आकडा वेगळा असेल तर पुस्तकाचं ऐका.

हे महत्त्वाचं का, ते सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. हजारो खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी नवाकोरा जनरेटर आणून रोज दहा तास चालवला, तर पहिल्या ऑइलचे २० तास दुसऱ्याच दिवशी भरतात. दहा दिवसांत १०० तास होतात. आणि तेव्हा बाजार बंद असतो. म्हणून ऑइलच्या दोन बाटल्या, एक स्पार्क प्लग आणि एक एअर फिल्टर आधीच आणून ठेवा. छोट्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर, त्यात हात आखडू नका.

जनरेटरला एक वही बांधून ठेवा : तारीख, किती तास चालला, काय बदललं. पुढे विकायला काढाल तेव्हा हीच वही तुम्हाला चार पैसे जास्त मिळवून देईल.

आता पैशांचं बोलू

हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा जनरेटर ६०,००० रुपयांचा आहे. नीट सांभाळला आणि १० वर्षं टिकला, तर वर्षाचा घसारा ६,०००. ऑइल, फिल्टर, प्लग आणि एक सर्व्हिसिंग मिळून २,५००. दर महिन्याच्या चाचणीचं पेट्रोल ३००. एकूण ८,८०० रुपये वर्षाला.

तोच जनरेटर सांभाळला नाही आणि ३ वर्षांत गेला, तर घसाराच २०,००० रुपये वर्षाला. म्हणजे २,८०० वाचवायला गेलो आणि १४,००० घालवून बसलो.

पुढचा प्रश्न, मुळात परवडतो का? समजा वर्षात ६० तास लाईट जाते. ८,८०० भागिले ६०, म्हणजे तासाला साधारण १४७ रुपये. वर तासाला एक लिटर पेट्रोल, १०५ रुपये धरा. एक तास साधारण २५० रुपयांना पडला. आता त्याच्याशी तुलना गल्ल्याची करू नका, ढोबळ नफ्याची करा. तासाला १,००० ची विक्री आणि २० टक्के मार्जिन असेल तर सुटतात २००. म्हणजे नुसत्या विक्रीसाठी जनरेटर तोट्यात! पण फ्रीझरमध्ये २५,००० चा माल असेल आणि वर्षातून एकदा तो वाचला, तर गणित फिरतं. तुमच्याकडे नासणारा माल नसेल, फक्त दिवे, पंखा आणि बिलिंग चालवायचं असेल, तर बॅटरीचा इन्व्हर्टर घ्या आणि सुखी राहा.

घेणारच असाल तर "मॅक्सिमम" नाही, "रेटेड" वॅट बघा. फ्रीझर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. म्हणून आधी फ्रीझर सुरू करा, मग बाकीचं. कायमचा लोड रेटेडच्या ८० टक्क्यांच्या आत राहिला तर मशीन जास्त टिकतं.

दोन गोष्टींत तडजोड नाही

पहिली गोष्ट, धूर. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. अर्ध्या शटरच्या आत, जिन्याखाली, गॅलरीत किंवा "खिडकी उघडी आहे ना" म्हणत खोलीत जनरेटर चालवणं म्हणजे माणसं गमावण्याची तयारी. मोकळ्या हवेत, दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड बाहेरच्या बाजूला. डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. फ्लॅटमध्ये अशी मोकळी जागा नसेल तर जनरेटर घेऊच नका.

दुसरी गोष्ट, जोडणी. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये खुपसायची, हा जुगाड अजूनही चालतो. त्याने तुमची वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या. तोवर फ्रीझर जाड, तीन तारांच्या एक्स्टेंशनने थेट जनरेटरला जोडा. आणि पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच. लाईट गेलेली असते, गिऱ्हाईक उभं असतं, आपण घाईत असतो, पण ही दहा मिनिटं थांबायचंच.

माझ्या बॅचमधल्या प्रत्येकाला मी एक सांगते : जनरेटरला मशीन समजू नका, पगारी माणूस समजा. महिन्याला साधारण साडेसातशे रुपये त्याचा पगार. काम नसलं तरी तो द्यायचा, कारण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी त्याने हजर राहायला हवं.

तुमच्याकडे जनरेटर असेल तर आज दुकान बंद करण्याआधी तीन गोष्टी बघा : टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे, ऑइल शेवटचं कधी बदललं, आणि बाहेर २० फुटांवर ठेवायला जागा कुठे आहे. तिन्ही उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ज्याचं उत्तर आलं नाही, त्या कामाला उद्या सकाळी सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, सांभाळून वाढवा!