तुमच्या खात्यात किती क्रेडिट्स?

क्रेडिट म्हटलं की आपल्याला आधी कार्ड आठवतं. मग बिलाची तारीख, मिनिमम ड्यू आणि पोटात गोळा! पण सध्या आमच्या ग्रुपमध्ये वेगळ्याच क्रेडिटची चर्चा आहे. त्याला कारण आमचा सायखेड्याचा दोस्त.

सायखेडा म्हणजे निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. ऊस, कांदा, द्राक्षं आणि पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटलं की पुलाकडे डोळे लावून बसणारी माणसं. ऑगस्ट २०१९चा पूर तिथे कोणी विसरलेलं नाही. हा पठ्ठ्या तिथून रोज एसटीने नाशिकला कॉलेजला यायचा. बी.कॉम.ची दोन वर्षं क्लिअर केली, तिसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आज तो एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. प्रमोशनच्या फॉर्मवर मात्र शिक्षणाच्या रकान्यात ‘बारावी’ लिहितो. ‘मग दोन वर्षं मी काय गोट्या खेळत होतो का रे?’ हा त्याचा ठरलेला सवाल.

सवाल रास्त आहे. जुन्या पद्धतीत डिग्री म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने डिसेंबर २०२२मध्ये जो आराखडा आणला, त्यात हिशेब टप्प्याटप्प्याने होतो. ४० क्रेडिट्सना सर्टिफिकेट, ८०ला डिप्लोमा, १२०ला डिग्री आणि चौथं वर्ष केलं तर १६०ला ऑनर्स. काही विद्यापीठं वर्षाला ४४पर्यंत जातात. मेख अशी, की पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ४ क्रेडिट्सचा व्होकेशनल कोर्स वेगळा करावा लागतो. तो केला नाही तर सर्टिफिकेट विसरा. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत डिग्री पुरी करायची.

हे क्रेडिट्स जमा होतात ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये. २०२१ला सुरू झालेली ही बँक पैसे ठेवत नाही, व्याजही देत नाही, पण कॉलेज बदललं तरी तुमचा बॅलन्स शाबूत राहतो.

आमचा दोस्त मात्र या सगळ्याच्या आधीच बाहेर पडलेला. त्याच्यासाठी दार उघडं आहे ते गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धनचं, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं. १९८९पासून हे विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांना शिकवतंय. तिथे क्रेडिटला ‘श्रेयांक’ म्हणतात आणि एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. पुस्तक वाचणं, गृहपाठ, अभ्यासकेंद्रावरची सत्रं, सगळं त्यातच.

चहाच्या टपरीवर त्याने बिलाच्या मागे गणित मांडलं. वर्षाला ४० श्रेयांक धरले तर १२०० तास. भागिले ३६५. ‘रोज सव्वातीन तास!’ तो ओरडला. टपरीवाल्याला वाटलं, चहा कडू झाला.

तास मोजायची ही खोड अमेरिकेतली. १९०६च्या सुमाराला कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी कॉलेजांना अटी घातल्या, त्यातून शिक्षण तासांत मोजायची पद्धत रुळली. तिथल्या कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिट्सची असते. आपल्याकडे यूजीसीच्या कम्युनिटी कॉलेज आणि बी.व्होक.च्या नियमांत मात्र एकाच वर्षाच्या डिप्लोमाला ६० क्रेडिट्स आणि तीन वर्षांच्या डिग्रीला १८०. म्हणजे तो कोर्स जड आणि बी.कॉम. हलकं? तसं नाही. तिथे क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण १५ तास, इथे घरचा अभ्यास धरून ३०. त्यामुळे जाहिरातीतला क्रेडिट्सचा आकडा बघून भुलू नका. एक क्रेडिट किती तासांचं, हे आधी विचारा. आणि जुन्या वर्षांचे मार्क धरणार की नाही, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर जाऊ नका.

दोस्ताने प्रवेश घेतलाय. एसटीत जाऊन-येऊन दोन तास पुस्तक उघडं असतं. उरलेला सव्वा तास कुठून काढायचा, हे त्याने अजून बायकोला विचारलेलं नाही.