भांडवल मिळते, वाटाड्या कोठे?

गेल्या आठवड्यात एक तरुण छोटी जाहिरात देण्यासाठी आमच्या कार्यालयात आला होता. औद्योगिक वसाहतीतील आपल्या वर्कशॉपची यंत्रे त्याला विकावयाची होती. काम मिळत नव्हते काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “काम पुष्कळ होते. उधारी किती थकली हे फार उशिरा कळले. आणि कळले तेव्हा कुणाला सांगायची लाज वाटली.”

या उत्तराने आम्हांस अस्वस्थ केले. मुक्तीनंतर गोमंतकात उद्योगांसाठी काहीच झाले नाही, असे कोणी म्हणणार नाही. 1966 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, 1975 साली आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, 2017 साली नवउद्योगांसाठी सरकारी धोरण आले. भूखंड, कर्ज आणि सवलती यांची सोय झाली. परंतु अडचणीच्या वेळी ज्याच्यापुढे हिशेबाची वही निःसंकोच उघडावी असा जाणता माणूस कोणतेही महामंडळ मंजूर करून देत नाही. तो ज्याचा त्यानेच शोधावा लागतो.

शेजारच्या बेळगावचे उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. राजांचे औदार्य आपण कौतुकाने सांगतो. पण त्याआधी लक्ष्मणरावांनी मुंबईच्या तंत्रशाळेत कित्येक वर्षे शिकविले होते आणि बेळगावात सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली होती, हे विसरतो. वडीलधाऱ्यांचा हात पाठीवर पडतो तो काही करून दाखविणाऱ्याच्याच.

म्हणून जाणत्याकडे मोघम विनंती घेऊन जाऊ नये. “मला मार्गदर्शन करा” याला तो काय उत्तर देणार? “या गिऱ्हाइकाला आणखी साठ दिवस उधारी द्यावी काय?” असे विचारले, तर तो स्वतःच्या बुडालेल्या पैशांची हकिकत सांगेल, आणि तीच खरी शिकवण. महिन्यातील एक दिवस ठरवावा. येणी, देणी आणि शिल्लक माल यांचे आकडे सोबत न्यावेत. नफ्याआधी तोटा सांगावा. दिलेला सल्ला पाळला की नाही आणि त्याचे काय झाले, हे पुढच्या भेटीत कळवावे. मात्र निर्णय आपला आणि त्याची जबाबदारीही आपलीच. जो आपल्याला यंत्रे वा कच्चा माल विकतो त्याचा सल्ला जरूर ऐकावा, पण त्यात त्याचा स्वार्थ किती हे तोलून पाहावे. मार्गदर्शकाला भागीदारी हवी असेल, तर तो व्यवहार पहिल्याच दिवशी कागदावर यावा.

असे जाणते आपल्याकडे दुर्मिळ आहेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुंबईच्या कारखान्यांतून, आखाती देशांतून, खाणींच्या आणि बार्जींच्या वर्कशॉपांतून आयुष्य घालवून परतलेली माणसे गावोगावच्या सोप्यांवर बसलेली दिसतात. त्यांना कोणी विचारीत नाही, म्हणून ती सांगत नाहीत. व्यापारी संघटनांनी आणि ग्रंथालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ या दोन पिढ्यांना समोरासमोर बसविले, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

त्या तरुणाची जाहिरात आम्ही छापली. त्याला विचारणारे आणि ऐकणारे कोणी वेळेवर भेटले असते, तर ती कदाचित छापावी लागली नसती.