पहिलं सांबर कुणाचं? खानापूरच्या शिकार-आठवणी इतिहास म्हणून वाचताना

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी या बाजूला, ऐंशीच्या आसपासच्या एखाद्या आज्जांना 'तुमची पहिली शिकार कुठली?' असं विचारून बघा. ते आधी दाराकडे बघतात. मग तुमच्या हातातल्या मोबाईलकडे बघतात. मग म्हणतात, आम्ही कसली शिकार करतोय. चहा होतो, पावसापाण्याचं बोलणं होतं, आणि तासाभराने गोष्ट सुरू होते. एकदा सुरू झाली की थांबत नाही.

गेली काही वर्षं मी या गोष्टी ऐकतोय. पेशाने मी सिव्हिल इंजिनियर, रस्ते आणि पूल हे माझं काम. त्या निमित्ताने या भागातल्या गावांत मुक्काम पडायचे आणि रात्री ओट्यावर हेच विषय निघायचे. तेव्हा मी त्या करमणूक म्हणून ऐकत होतो. पुढे इतिहासाचा नाद लागल्यावर कळलं, की बंदुका, परवाने, जमीन आणि गावातली उतरंड या सगळ्याचा पुरावा या गोष्टींत दडलेला आहे. मात्र तो सरळ मिळत नाही, तपासून घ्यावा लागतो. तो कसा तपासायचा, यासाठी हा लेख. सांगणाऱ्यांची आणि गावांची नावं मुद्दाम देत नाही. कारण वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

आधी कायद्याचं बघू, कारण दाराकडे बघणं तिथूनच येतं. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांसाठी शिकारबंदीचे महिने ठरवायची सोय झाली. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार नियमांत बांधली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, म्हणून तो इकडेही लागू होता. मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. बऱ्याच जणांना वाटतं की त्या वर्षी सगळी शिकार एका फटक्यात बंद झाली. तसं नाही. मूळ कायद्यात सांबर, चितळ, भेकर हे तिसऱ्या परिशिष्टात होते आणि परवाना काढून त्यांची शिकार करायची वाट कागदावर तरी उघडी होती. परवान्यांची ती सगळी व्यवस्था १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. म्हणजे १९५० च्या दशकातली गोष्ट सांगणारा माणूस आजच्या कायद्याला भिऊन गप्प बसतो, आणि त्याच्या काळचा कायदा काय होता हे ना त्याला माहीत असतं, ना त्याच्या नातवाला. मी हे समजावून सांगतो. कधी उपयोग होतो, कधी नाही.

हरीण हा शब्द गावात फारसा ऐकू येत नाही. इथे सांबर असतं, भेकर असतं, क्वचित चितळ. काळवीट पूर्वेकडच्या कोरड्या माळाचं जनावर. ते मुळात हरणाच्या कुळातलं नाहीच, त्याचं शिंग जन्मभर तेच राहतं. सांबर-चितळाचं शिंग दर वर्षी गळतं आणि नवं येतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता गोष्टीचा साचा. जवळजवळ प्रत्येक 'पहिल्या शिकारी'त ठरावीक थांबे असतात. बंदूक कुणाची, रात्र कशी होती, आवाज कसा आला, बार कसा काढला, जनावर कसं पडलं, वाटे कसे झाले. यातला बार काढण्याचा भाग सगळ्यात रंगवून सांगितला जातो आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तोच सगळ्यात कमी कामाचा. खरा माल बंदूक, रात्र आणि वाटे या तिघांत.

बंदुकीपासून सुरुवात करू. त्या काळी गावात असायची ती बहुतेक ठासणीची बंदूक. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी किंवा काथ्याचा बोळा घालायचा, गजाने ठासायचं, मग शिशाचे तुकडे, पुन्हा बोळा, आणि मागे केप बसवायची. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ही दारू ओल धरते, आणि या भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. कणकुंबीत जूनपासून भिंतीसुद्धा पाझरतात. तेव्हा भर मिरगात ठासणीच्या बंदुकीने सांबर पाडल्याची गोष्ट ऐकली, की मी वहीत बाजूला प्रश्नचिन्ह काढतो. अशक्य नाही, पण अवघड आहे.

दुसरं म्हणजे धूर. ही दारू पेटली की पांढऱ्या धुराचा लोट समोर उभा राहतो आणि क्षणभर काही दिसत नाही. ज्याने खरोखर ठासणीची बंदूक उडवलेली असते तो धूर कधीच विसरत नाही. तो म्हणतो, बार झाला, धूर झाला, आणि मग नुसता पाचोळ्यातून धावल्याचा आवाज. जनावर कोसळताना बघितल्याचं वर्णन ऐकलं की मी बंदुकीबद्दल पुन्हा विचारतो. आणि 'लागोपाठ दोन बार' ऐकलं, तर बंदूक दुनळी होती का हे विचारायलाच हवं. ठासणीची एकनळी पुन्हा भरेपर्यंत सांबर दुसऱ्या डोंगराला लागलेलं असतं.

रात्रीचं गणित त्याहून सोपं. सांबर रात्री चरतं. भात पिकायला आलं की ते जंगलाच्या कडेच्या शेतात उतरतं आणि एका रात्रीत वर्षाची बेगमी तुडवून जातं. म्हणून शेतात माळा बांधून राखणीला बसायचं. इथल्या बहुतेक पहिल्या शिकारी या माळ्यावरच्या आहेत. त्या हौसेने झालेल्या नाहीत, पीक वाचवताना झालेल्या आहेत. त्यामुळे त्या दिवाळीच्या मागेपुढे गोळा होतात. तोवर भात पिकलेलं असतं, पाऊस सरलेला असतो, दारू कोरडी असते. शिंगाचा हिशेबही जमतो. नराचं शिंग साधारण उन्हाळ्यात गळतं, पावसाळ्यात नवं शिंग मखमली कातड्याखाली वाढतं आणि थंडीपर्यंत कडक होऊन टोकं पांढरी होतात. सांबराच्या बाबतीत यात मागेपुढे होतं, सगळे नर एकाच महिन्यात शिंगं टाकत नाहीत, त्यामुळे निव्वळ यावरून निकाल देऊ नये. शिमग्याच्या सुमाराची गावपारध, हाका घालून केलेली, हा वेगळा प्रकार आहे. त्यात शेकडो पाय असतात आणि 'माझी पहिली' असं म्हणायला फारसा वाव नसतो.

चंद्राचंही बघावं. दिवाळीची रात्र म्हणजे अमावस्या. तरी 'ऐन दिवाळीत, टिपूर चांदण्यात' अशी सुरुवात मी एकाहून जास्त वेळा ऐकली आहे. माणूस खोटं बोलतो असं नाही. त्याच्या आठवणीत सण आणि चांदणं दोन्ही खरं असतं, फक्त एका रात्रीचं नसतं.

हे सगळं एका उदाहरणावर लावून दाखवतो. एका गावात एका जुन्या वतनदार घराच्या सोप्यात सांबराची शिंगं आहेत. घरातल्या मंडळींच्या सांगण्याप्रमाणे ती त्यांच्या आजोबांची पहिली शिकार: मुंबई राज्य होतं तेव्हाची, दिवाळीतली, चांदण्यातली, लागोपाठ दोन बार टाकून केलेली. मंडळी मनाने मोकळी. त्यांनी मला शिंगं मोजू दिली आणि बंदुकीचा जुना परवानाही काढून दाखवला. आधी शिंगं बघितली. गळलेलं शिंग बुडाशी गोलसर, खडबडीत असतं, त्याला कवटी चिकटलेली नसते. जंगलात सापडलेली अशी शिंगं 'आमच्या पणज्याने मारलेलं' म्हणून भिंतीवर गेलेली मी पाहिली आहेत. इथे मात्र कवटीचं हाड करवतीने कापलेलं स्पष्ट दिसत होतं. टोकं घासून पांढरी झालेली. म्हणजे जनावर मारलेलंच होतं आणि थंडीच्या सुमाराचं असावं. इथपर्यंत गोष्ट टिकली. परवान्यात मात्र ठासणीची एकनळी बंदूक लिहिलेली. दोन बार गेले. दिवाळीचं चांदणंही गेलं.

त्याच गावात पलीकडच्या वाड्यात एक आज्जी आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे वडील या वतनदारांच्या शेतावर राखणीला असत. मी त्यांच्याकडे गेलो होतो जात्यावरच्या जुन्या पद्धतींबद्दल विचारायला, शिकारीचा विषय माझ्या डोक्यातही नव्हता. त्यांनी आपणहून सांगितलं, की एका वर्षी सांबराचा अख्खा फरा त्यांच्या घरी आला होता. आईने तो घरातल्या चुलीवर शिजवला नाही, परसात तीन दगड मांडून वेगळ्या मडक्यात शिजवला. कधी? तर तुळशीचं लगीन झाल्यावर, 'तालुका म्हैसुरात गेला' त्या सुगीत. म्हणजे १९५६ चा नोव्हेंबर. तुळशीचं लग्न कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, तेव्हा चांदणंही बसतं.

या फऱ्यावर मी अडकलो. कारण वाट्यांची रीत मला तोवर निरनिराळ्या तोंडून सारखीच ऐकू आली होती. देवाचा भाग आधी बाजूला निघतो. ज्याच्या शेतात जनावर पडलं त्याला मान असतो. हाकाऱ्यांना, उचलायला आलेल्यांना सारखे वाटे पानात बांधून मिळतात, कुत्रं असेल तर त्याचाही वाटा. आणि फरा जातो बार काढणाऱ्याच्या घरी. राखणदाराला मजुरी म्हणून पानभर मटण मिळालं असतं. अख्खा फरा मिळाला नसता.

मी आज्जींना सरळ विचारलं, बार कुणी काढला? त्या म्हणाल्या, "आप्पानंच की. खरं त्यो कुणाला सांगायचा न्हाई." (बेळगावकडच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्या वाचकांनी 'सत्य' असा अर्थ घेऊ नये, जरी इथे तोही चालून जाईल.)

का सांगायचा नाही, याचं उत्तर मला परवान्यात सापडलं. बंदूक वतनदारांच्या नावावर होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याचा तो काळ, पीकराखणीची बंदूक असली तरी परवाना एका माणसाचा. मालकाच्या वतीने बंदूक बाळगणाऱ्या नोकराचं नाव परवान्यावर चढवण्याची सोय नियमांत होती, पण या परवान्यात तो रकाना कोरा आहे. तेव्हा राखणदाराने बार काढला असं चारचौघांत म्हणणं म्हणजे मालकाचा परवाना आणि स्वतःची मान दोन्ही धोक्यात घालणं. शिकार मालकांनी केली असं म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. पुढच्या पिढीने ते मनापासून खरं मानलं, त्यात दोन बार आणि दिवाळी घातली. मला त्यात कपट दिसत नाही. गावाला वाट्याच्या वेळी खरं काय ते माहीतच होतं, फरा योग्य घरी गेला होता. कागदाला आणि सोप्यातल्या भिंतीला वेगळं सांगितलं गेलं, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, एका आज्जीच्या लहानपणच्या आठवणीवर एवढा इमला? आक्षेप रास्त आहे. पण आज्जींना त्या आठवणीतून काही मिळवायचं नव्हतं आणि त्यांनी सांगितलेला महिना, चांदणं, बंदूक यांतलं काहीच एकमेकांना खोडत नाही. दुसऱ्या बाजूच्या गोष्टीतले दोन तुकडे खुद्द त्या घरातल्या कागदाने आणि पंचांगाने खोडले. पुलाच्या चाचणीत आम्ही असंच करतो. नकाशावर काय ताकद लिहिली आहे ते बाजूला ठेवतो आणि प्रत्यक्ष भार टाकून तुळई किती वाकते ते मोजतो. मी दोन्ही गोष्टी वहीत नोंदवल्या आहेत, दोन्हींसमोर पुरावा लिहिला आहे. वतनदार घरातल्या मंडळींना मी हे दाखवलं. थोरल्यांना पटलं नाही. त्यांच्या सुनेने मात्र विचारलं, त्या आज्जी अजून आहेत का, मला भेटवाल का?

आणखी एक गोष्ट मला इथे टोचते. शिकारीच्या आठवणींत पश्चात्ताप असलाच पाहिजे अशी आपल्या वाचकांची अपेक्षा असते. व्यंकटेश माडगूळकरांसारखा बंदूक घेऊन रानात फिरलेला माणूस पुढे जंगलाचा लेखक झाला, तो प्रवास आपल्याला ओळखीचा वाटतो. उलट टोकाला संस्थानिकांचं शिकारलेखन. ग्वाल्हेरच्या वाचकांना माधवराव शिंद्यांचं १९२० चं 'अ गाइड टू टायगर शूटिंग' आठवेल, त्यात शिकार म्हणजे मोठ्या बंदोबस्ताचं काम. खानापूरच्या माळ्यावरचा माणूस या दोन्हींत बसत नाही. त्याला हात थरथरल्याचं आठवतं, थंडी आठवते, उरलेलं भात आठवतं, मटण किती दिवस पुरलं ते आठवतं. त्याच्या तोंडी पश्चात्ताप घालू नये आणि शौर्यही घालू नये. आणि बायकांना विचारल्याशिवाय परत येऊ नये. बाराची गोष्ट पुरुष सांगतात, वाटे कुणाकडे किती गेले ते बायकांच्या लक्षात असतं.

चंदगड आणि सत्तरीकडच्या वाचकांना एक विनंती. जंगल तेच, जनावर तेच, पण सत्तरीत १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे तिथले बंदुकीचे कागद वेगळे असणार. घरात जुना परवाना असेल तर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, नूतनीकरणाच्या शिक्क्यांसकट. शिंगं असतील तर जागेवरून हलवू नका, कुणाला देऊ-विकू नका, तो आज गुन्हा आहे. बुडाचा जवळून एक फोटो घ्या, सोबत पट्टी ठेवून. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर शिकारीबद्दल विचारू नका. त्या वर्षी फरा कुणाकडे गेला होता, एवढंच विचारा.