एक्सप्लेनर : जपानच्या शिंतो मंदिरात सरस्वती कशी पोहोचली? दर्शनाची रीत काय?

छत्रपती संभाजीनगर : अजिंठा-वेरूळ पाहायला जपानी पर्यटक अनेक वर्षांपासून येतात. आता नोकरी, शिक्षण आणि सहलीच्या निमित्ताने मराठी कुटुंबेही जपानला जातात. तिथल्या शिंतो मंदिरांत त्यांना बरेच काही ओळखीचे वाटते. काही ठिकाणी तर भारतातून गेलेली सरस्वतीही भेटते. तिच्या प्रवासातून जपानची धर्मपरंपरा समजते.

शिंतो म्हणजे काय?
ही जपानची मूळची परंपरा. तिला एकच संस्थापक किंवा एकच धर्मग्रंथ नाही. डोंगर, झरे, जुनी झाडे, पूर्वज यांच्यात ‘कामी’ म्हणजे दैवी शक्ती वसते, अशी श्रद्धा आहे. शिंतो मंदिराला ‘जिंजा’ म्हणतात. दारात ‘तोरी’ ही कमान दिसली की ते शिंतो स्थान, अशी साधारण खूण. बौद्ध मंदिरे वेगळी असतात.

दर्शन कसे घेतात?
- तोरीपाशी किंचित झुकून आत जावे. वाटेच्या मधोमध चालू नये. ती जागा देवाची मानतात.
- पाण्याच्या कुंडाशी पळीने आधी डावा, मग उजवा हात धुवावा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरावी. पळीला तोंड लावू नये.
- पेटीत नाणे टाकावे. ५ येनचे नाणे शुभ मानतात, कारण ‘गो-एन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा होतो.
- दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनात प्रार्थना आणि पुन्हा एक नमस्कार. इझुमो येथील प्रसिद्ध मंदिरात मात्र चार टाळ्या वाजवतात.

गाभाऱ्यात प्रवेश नसतो. आत बहुधा मूर्ती नसते. आरसा किंवा तलवार देवाचे प्रतीक म्हणून ठेवलेली असते. आपल्या सुतकासारखी प्रथाही आहे. घरात मृत्यू झाल्यास साधारण ५० दिवस मंदिरात जाणे टाळतात.

सरस्वती तिथे कशी?
बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानला गेली. ‘सुवर्णप्रभास सूत्र’ या ग्रंथात तिचे आठ हातांचे, शस्त्रधारी रूप आहे. जपानमध्ये ती ‘बेंझाइतेन’ झाली. वीणेच्या जागी तिच्या हाती ‘बिवा’ हे तंतुवाद्य आले. सरस्वती मुळात नदी. वेरूळच्या कैलास लेण्यातही ती गंगा-यमुनेसोबत नदीदेवता म्हणून कोरलेली आहे. जपाननेही हे पाण्याचे नाते जपले. तिची प्रमुख स्थाने बेटांवर आहेत : एनोशिमा, चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा.

१८६८ मध्ये काय बदलले?
त्याआधी हजारभर वर्षे कामी आणि बुद्ध एकाच आवारात पुजले जात. मेइजी सरकारने १८६८ मध्ये दोन्ही वेगळे करण्याचा आदेश काढला. अनेक ठिकाणी बौद्ध मूर्ती हटवल्या गेल्या, काही फोडल्या गेल्या. बेंझाइतेन अडचणीत आली. ती भारतीय, बौद्ध मार्गाने आलेली. पण भक्तांसाठी कामीच होती. एनोशिमाचे स्थान शिंतो ठरले आणि तिथे तीन जपानी देवींची अधिकृत स्थापना झाली. चिकुबुशिमा बेटावर बौद्ध मंदिर आणि शिंतो मंदिर वेगळे केले गेले. शिंतोला मिळणारा सरकारी आश्रय दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर १९४५ मध्ये काढून घेण्यात आला.

आज काय स्थिती?
आदेशाने देवळे वेगळी झाली, पण भक्तांनी सरस्वतीला सोडले नाही. एनोशिमाच्या शिंतो आवारातच तिच्या जुन्या मूर्ती आजही दर्शनाला आहेत. कलाकार कलेसाठी, इतर लोक धनलाभासाठी तिला साकडे घालतात. बहुतेक जपानी कुटुंबे बाळाला शिंतो मंदिरात नेतात आणि अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने करतात. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन अशी ३४ लेणी एकाच डोंगरात पाहिलेल्यांना या शेजाराचे नवल वाटणार नाही.

परधर्मीयांना चालते का?
हो. धर्म विचारला जात नाही. टाळ्या वाजवून प्रार्थना करण्याची सक्ती नाही. शांतपणे उभे राहिले तरी चालते. फोटोबंदीच्या पाट्या मात्र जरूर पाळाव्यात.